वाकडे जुळलेले मनगट

आमच्या आईचे उजवे मनगट २००६ च्या पावसाळ्यात मोडले. पार्ले पूर्वेच्या बाजारातून अळूची जुडी घेऊन ती परतत होती. ओल्या फरशीवर पाय घसरला आणि पडताना कोणीही करतो तेच तिने केले, हात पुढे टेकला. अळू शाबूत राहिले, मनगट गेले. वय बासष्ट. हाड बसवून प्लास्टर घातले गेले, सहा आठवड्यांनी ते काढले, तेव्हा हात बरा झालेला होता आणि वाकडाही झालेला होता.

या अस्थिभंगाला वैद्यकात अब्राहम कॉलिस यांचे नाव आहे. डब्लिनच्या या शल्यविशारदाने १८१४ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक्याऐंशी वर्षे आधी, केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून. मनगटाला जो बाक येतो त्याला पाठ्यपुस्तके जेवणाच्या काट्याची उपमा देतात. आमच्या घरात काटा नव्हता. आईने हात आडवा धरून पाहिला आणि म्हणाली, "हे तर उलथनं झालं!" अलंकार शिकवण्यात आमची हयात गेली, परंतु मूळ उपमेपेक्षा ही सरस आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटापाशी रुंद होते आणि तेथे ते आतून जाळीदार असते. पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत ही जाळी झपाट्याने विरळ होऊ लागते. असे हाड आपटले की नुसते तडकत नाही, आत चेचले जाते. डॉक्टर ते ओढून जागेवर आणतात, पण चेचलेल्या भागात पोकळी उरते. सूज ओसरते, प्लास्टर सैल पडते आणि हाड पहिल्या दोनतीन आठवड्यांत निमूटपणे पुन्हा घसरते. म्हणूनच त्या काळात वरचेवर क्ष-किरण चित्र काढून पाहावयाचे असते. आमच्या बाबतीत ते एकदम शेवटी काढले गेले. असो.

अशा रीतीने जुळलेले हाड आखूड होते आणि करंगळीच्या बाजूचे हाड टेंगळासारखे वर येते. तळहात उताणा करणे जड जाते. हे आम्हांस देवळात समजले. पार्लेश्वराच्या मंदिरात तीर्थ घेताना आईचा तळहात पुरता वर वळेना. तिने कोपर अंगाशी घेतले, खांदा झुकवला, सबंध देह वाकवला, आणि तरीही अर्धे तीर्थ ओघळले. पुजाऱ्यांनी पुन्हा पळी भरली. काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही तिला घेऊन बँकेत गेलो. तीस वर्षे ज्या सहीने तिने मुलांची प्रगतिपुस्तके भरली, ती सही आता डावीकडे कलत होती. खिडकीतला तरुण अदबीने म्हणाला, "आजी, सही जुळत नाही."

"हाडच नीट जुळलं नाही बाळा, सही कुठून जुळणार?"

नमुन्याची सही नव्याने घेण्यात आली.

विषम जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट सांधावे, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. आजही तेच करतात. भूल देऊन, हाड कापून, धातूची पट्टी बसवून. आईपुढेही तो पर्याय ठेवला गेला. तिने नकार दिला, आणि तो नकार चुकीचा होता असे आम्हांस आजही वाटत नाही. कॉलिस यांनीच लिहून ठेवले आहे की बाक जन्मभर राहतो, पण कालांतराने हालचाल परत येते आणि वेदना सरते. पासष्टीपुढच्या रुग्णांत पट्टी आणि प्लास्टर यांची तुलना करणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांतही, पट्टीचे चित्र अधिक सरळ दिसले तरी वर्षभरानंतर दोन्ही हातांचे काम जवळपास सारखेच आढळले आहे. आई वर्षाच्या आत पोळ्या लाटू लागली होती. पोळ्या गोल होत्या.

चूक झाली ती दुसरीकडेच. उभ्या उंचीवरून नुसते घसरून पडल्याने हाड का मोडावे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. हाडांची घनता मोजण्याची डेक्सा चाचणी तेव्हा मुंबईत होत असे; घनतेचा अंक उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ समजावीत, हे परिमाण जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्येच ठरवले होते. औषधेही होती. आमचे सारे लक्ष मनगट सरळ की वाकडे याकडे. थोडे खाणाऱ्याचे मोडलेले हाड कष्टाने बरे होते, असेही सुश्रुत म्हणतो. आमच्या घरी आई सर्वांच्या मागून जेवावयास बसे आणि पातेल्यात जे उरलेले असे ते वाढून घेई. हे वाक्य आम्ही वर्गात वाचून दाखवले होते, प्राचीन पद्याचा नमुना म्हणून.

साठीतला माणूस पडताना हात पुढे करतो, म्हणून मनगट मोडते. पुढे वय वाढते, हात वेळेवर पुढे येत नाही आणि माणूस कुशीवर आदळतो. आई २०१४ साली न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर घनता मोजली गेली. अंक उणे ३.४ होता. त्यानंतर ती पाच वर्षे जगली, बहुतेक वॉकर धरून. वॉकरच्या दांड्यावर ते वाकडे मनगट मात्र चांगले बसत असे.

आमची जुनी इमारत पाडून तेथे आता मनोरा उभा राहिला आहे. गेल्या पावसाळ्यात हनुमान रस्त्यावर सातव्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. उजवा हात झोळीत, प्लास्टर नवे कोरे. आम्ही विचारपूस केली, आणि मग जरा संकोचानेच, हाडांची घनता मोजली का, असे विचारले.

"ती कशाला?" काकू म्हणाल्या. "पाय घसरला हो माझा."