कर्लीच्या मुखाशी एक घटका

मालवणास जाणारा प्रवासी बहुधा सिंधुदुर्ग पाहून समाधानाने परततो. त्यात नवल नाही. इ. स. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी ज्याचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत जो उभा राहिला, तो जलदुर्ग पाहिल्यावाचून मालवण पाहिले असे म्हणवतच नाही. परंतु तेथून दक्षिणेस तारकर्ली ओलांडून गेले, म्हणजे भूमी हळूहळू निमुळती होत जाते. उजव्या हातास अरबी समुद्र व डाव्या हातास कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या राईत वसलेले देवबाग. गावाच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते व पैलतीरी भोगव्याची पुळण दिसू लागते.

गेल्या पौष वद्य प्रतिपदेस आम्ही भोगव्यास जावयास निघालो. समवेत सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई व नऊ वर्षांचा नातू होता. होडी एका परिचित तांडेलाची. तिच्या मागील फळीस बाहेरून जखडलेले दोरी ओढून सुरू करावयाचे जुने इंजिन होते. हे इंजिन पेट्रोलवर सुरू होते. तापल्यावर चावी फिरवून त्यास रॉकेल द्यावयाचे. सुकाणूवर तांडेलाचा सतरा वर्षांचा भाचा बसला होता. भरतीच्या पाण्यावर आम्ही सुखाने पलीकडे पोहोचलो. वाळूत बसून दशम्या खाल्ल्या, आणि तिसऱ्या प्रहरी परत निघालो.

पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीस विशेष जोर असतो. होडी लोटून आम्ही खोल पाण्यात आलो, भाच्याने दोरी ओढली. इंजिन खोकले मात्र, सुरू झाले नाही. त्याने दहा-बारा वेळा हिसके दिले. तोवर काठावरील सुरूची झाडे झपझप मागे सरकू लागल्याचे माझ्या ध्यानात आले. ओहोटी आम्हांस मुखाकडे नेत होती, आणि तेथे वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. सर्वांच्या अंगांत तरंगती जाकिटे होती, तरी सूनबाईंनी मुलास घट्ट धरले. मी घाबऱ्या स्वराने म्हणालो, "अहो, इंजिनाचे काय ते लवकर पाहा!"

तांडेल इंजिनाकडे फिरकलादेखील नाही. "मास्तरांनु, आदी नांगर, मशीन मगे," एवढे बोलून त्याने नांगर सोडला. नांगर प्रथम वाळूत घसरत गेला. तेव्हा पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोरी त्याने सैल केली. मग दोरी ताणली गेली व होडी प्रवाहाकडे तोंड करून स्थिर झाली. तेव्हा कुठे तो मागे आला.

पुढे त्याने जे केले, ते मी शिष्याच्या बुद्धीने पाहत राहिलो. आरंभी त्याने गिअर मोकळा आहे आणि इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी जागेवर आहे, हे पाहिले. नंतर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी होऊन तेल पुढे सरकत नाही. तो उघडा होता. नळीतील रबरी फुगा दाबून पाहिला, तो भरून टणक झाला. म्हणजे तेलाचा मार्ग मोकळा होता. मग त्याने स्पार्क प्लग काढला व त्याच्या टोपणात अडकवून, छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकवून धरला. भाच्याने दोरी ओढताच हाताच्या सावलीत निळी ठिणगी स्पष्ट दिसली. म्हणजे विजेकडे दोष नव्हता.

राहिले एकच. प्लग ओला होता. तो नाकाशी नेऊन तांडेल भाच्यास शांतपणे म्हणाला, "खरा सांग रे, मगाशी रॉकेलारच बंद केलंस मा?"

"होय मामा. इसारलंय," मुलगा तत्काळ म्हणाला.

कारण उलगडले. रॉकेल पेट्रोलसारखे सहज वाफ होत नाही. थंड इंजिनात ते पेटत नाही. म्हणून थांबण्यापूर्वी चावी पेट्रोलकडे वळवून इंजिन थोडा वेळ तसेच चालवावे लागते, म्हणजे कार्बुरेटरात पेट्रोल उरते. सकाळी ते झाले नव्हते; उरलेल्या रॉकेलाने प्रत्येक हिसक्यासरशी प्लग अधिकच भिजत गेला. आम्ही घाई करीत होतो तितके बिघडवीत होतो.

तांडेलाने कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतले रॉकेल एका डब्यात काढले. प्लगवाचून चार वेळा दोरी ओढून आतील ओल बाहेर घालविली. प्लग पुसून बसविला, चावी पेट्रोलकडे वळविली व फुगा पुन्हा टणक होईपर्यंत दाबला. चोक अर्धाच ओढला. मग दोरी त्याने भाच्याच्याच हाती दिली. तिसऱ्या ओढीस इंजिन गरजले. तर्कशास्त्रात आम्ही धुरावरून अग्नीचे अनुमान शिकलो होतो. तो निळसर धूर पाहून झालेला आनंद मात्र कोणत्याही ग्रंथात वाचलेला नव्हता. घड्याळाप्रमाणे हे सारे एका घटकेत आटोपले होते.

परतताना माझे मन इंजिनापाशी नव्हते. पस्तीस वर्षे मी वर्गांत "हे कोणी केले?" असा प्रश्न विचारीत आलो, आणि क्वचितच कोणी उत्तर दिले. माझ्या हातातील छडी त्यांना प्रश्नाच्या आधी दिसे. येथे सात जिवांचा प्रश्न असताना त्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता आपली चूक सांगितली, आणि म्हणूनच आम्ही वेळेवर सुटलो. मामाने त्यास तेथे शब्दानेही दुखविले नाही, आणि नंतरही नाही.

देवबागचा किनारा शंभर-दीडशे हात राहिला, तेव्हा कोणी न सांगता मुलाने चावी पेट्रोलकडे वळविली. तांडेल दुसरीकडे पाहत होता. पण त्याने ते पाहिले असावे. माझ्या नातवाने मात्र मोठ्याने विचारले, "आजोबा, आता हे उद्या लगेच सुरू होईल ना?"

"होईल," मी म्हणालो.