हरिपूरची पेवं

परवा पुण्यात वाण्यानं माझ्यासमोर पोतं उसवलं आणि राजापुरी हळकुंडांचा उग्र, मातकट वास अंगावर आला. पाठोपाठ हरिपूर आलं.

सांगलीहून जाणारा चिंचांचा रस्ता, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, श्रावणी सोमवारची जत्रा. पाहुण्यांना आम्ही हेच दाखवत आलो. मला मात्र आठवतं ते तोंड उघडलेलं पेव, हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. झाकण काढून झालं तरी सगळे नुसते उभे. कोंडलेली हवा बाहेर पडेपर्यंत आत कुणी उतरायचं नाही. मग आजोबांनी दोरीला बांधून कंदील खाली सोडला. ज्योत विझली. "थांब रे, घाई न्हाई," ते हमालाला म्हणाले.

याच हरिपुरात १८५५ साली नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले. म्हातारा नवरा, पैशाला भुललेला बाप आणि मध्ये सापडलेली पोर. ही गोष्ट सांगणारं त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. हळदीच्या गावच्या माणसानं पोरीला हळद लावण्याआधी थांबा म्हणून सांगितलं, याचा मला फार अभिमान वाटतो. आजोबांचं 'थांब रे' मला त्याच जातीचं वाटतं. माल तळाशी पडून राहील, माणूस वर यायला हवा.

नदी हाकेच्या अंतरावर, तरी पेवात ओल शिरत नसे. तोंड अरुंद, पोट रुंद, आणि भरवसा सगळा तिथल्या मातीवर. त्या पोटात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. संगमाचे फोटो काढून परतणाऱ्यांनी पायाखाली काय आहे ते कधी विचारलं नाही, हा माझा जुना राग आहे. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. हळद कुजली, कितीतरी पेवं कायमची गेली. व्यापार गोदामांत गेला.

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण ती हळद जिनं सांभाळली ती माती ओळखणारी, कंदिलाची ज्योत वाचणारी माणसं आता थकली आहेत. हरिपूरला जाल तेव्हा संगमावरून लगेच परतू नका. एखाद्या वयस्क हमालाला पेवांच्या जागा विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या.