यंदाचा दसरा

पितृपक्ष लागला की जालन्यात जिकडेतिकडे दोऱ्या बांधलेल्या दिसतात. गच्चीवर, अंगणात, खिडकीच्या गजापासून लिंबाच्या फांदीपर्यंत, आणि प्रत्येक दोरीवर ओल्या गोधड्या. घट बसायच्या आत घरातली चिंधी न् चिंधी धुऊन निघायला हवी, भांडं न् भांडं घासून फळीवर जायला हवं. दसरा काढायचा म्हणजे हे सगळं आलं.

मुलं पुण्यात. लेक फोनवर म्हणाली, "आई, आता यासाठी कंपन्या असतात. चार माणसं मशीन घेऊन येतात, संध्याकाळपर्यंत घर लख्ख." सून म्हणाली, पैसे मी पाठवते. दोघींचंही बरोबर आहे. सत्तरी तोंडावर आली, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी स्टुलावर चढायला सक्त मनाई केलीय. तरी मी नको म्हटलं, आणि ते काही पैशांसाठी नव्हे. ती माणसं धूळ काढतील. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्यांना कोण सांगणार? वस्तू हातात आल्याशिवाय ते मलाच सुचत नाही.

बाकी या वेळेला दसरा काढायचं ज्यांनी ठरवलं त्यांना शेती आणि घर दोन्ही कळत होतं. पावसाळाभर भिंती ओल धरतात, ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास येतो, पुस्तकांना कसर लागते. भाद्रपद सरता सरता ऊन तापायला लागतं, आणि सोयाबीन-कापसाची धांदल अजून अंगावर यायची असते. एकदा कापूस वेचणीला आला की कुणाचे हात मोकळे राहत नाहीत.

तरुणपणी आम्ही सासवा-सुना मिळून अख्खं घर अंगणात काढून ठेवायचो. आता माझा हिशेब एका दिवसाला एक खोली, तीही सकाळच्या गारव्यात. लांब काठीला केरसुणी बांधून जळमटं खालूनच ओढते. माळ्यावरचं पितळ शेजारचा बारावीतला पोरगा उतरवून देतो. घंगाळ, परात, सासूबाईंचा तांब्या अशी सगळी भांडी अंगणात मांडायची, पाटावर बसायचं आणि चिंच-मीठ लावून घासायचं. पितांबरीने लवकर होतं हे मान्य. पण चिंच फिरते तशी काळ्या कडेतून पिवळी रेघ उघडत जाते, ते बघायला मला आवडतं. म्हातारपणी घाई कसली!

खरी परीक्षा गोधड्यांची. कोरडी गोधडी काखेत मारून नेता येते. पाणी प्याली की दोघींना उचलत नाही. पूर्वी बायका कुंडलिकेवर जायच्या. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, उलट्या दिशेने पीळ घालायच्या आणि मधून पाण्याची धार लागायची. आता त्या नदीचं पाणी गोधडीला लावावं असं राहिलेलं नाही, आणि पिळायला दुसरं टोक धरणारंही घरात कोणी नाही. मी न पिळताच कठड्यावर टाकते आणि निथळू देते. दोन दिवस लागतात, लागू देत.

यंदा सगळ्यात जुनी गोधडी धुताना वरचं लुगडं एका जागी विरलेलं सापडलं. आत सासऱ्यांच्या धोतराचा थर, त्याच्याखाली निळ्या बारीक फुलांचं काहीतरी. बोटाने कड जरा उचलली, तर लेकीचा पहिलीतला फ्रॉक. सासूबाईंनी तो कधी आत घातला ते मला ठाऊकच नव्हतं. मशीनवाल्यांनी ही गोधडी फाटकी म्हणून बाजूला काढली असती, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं.

भांडी-गोधड्यांना दिवस लागतात, कागदांना मात्र आठवडा पुरत नाही. सासऱ्यांच्या ट्रंकेत एक उर्दू खरेदीखत आहे. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांचं काम उर्दूत चालायचं, सासरे स्वतःही उर्दूतूनच शिकलेले. 1948 च्या सप्टेंबरात मराठवाडा मोकळा झाला आणि घरातली पुढची पिढी मराठी शाळेत गेली. त्यामुळे ज्या घरात आम्ही राहतो त्याचा कागद आमच्यापैकी एकालाही वाचता येत नाही. त्याच्याखाली जुनं रेशनकार्ड, त्यावर 'ता. जालना, जि. औरंगाबाद'. जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 ला. आता तर त्या जुन्या जिल्ह्याचंही नाव बदललं. लाइटबिलं फाडली, लग्नपत्रिका फाडल्या, हे दोन कागद पुन्हा ट्रंकेत.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे कोणत्या दिवशी काय धुवायचं हे मी नाही, नळ ठरवतो. 2012 च्या दसऱ्याला तर धुण्याचं नावच काढायची सोय नव्हती. गोधड्या नुसत्या उन्हात टाकून काठीने झोडल्या. शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव तेव्हा आटत चालला होता. दुष्काळाच्या त्या दिवसांत लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरने आपापल्या रानात नेऊन पसरला. मोठा दसरा काढला म्हणायचा तर तो त्यांनी. त्या जलाशयाला नाव आहे संत गाडगेबाबांचं. गावात पाऊल टाकलं की आधी खराटा हातात घेणारा, रात्री कीर्तन करणारा तो माणूस. गाव झाडायला त्यांनी वय आडवं येऊ दिलं नाही. मला तर फक्त स्वतःचं घर झाडायचंय.

कंबर दुखते. रात्री गुडघ्यांना तेल चोळावं लागतं, आणि दुपारी पाटावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. मधली खोली अजून राहिलीय. ती घट बसायच्या आत झाली तर झाली, नाही तर दिवाळीपर्यंत कोण विचारतंय?

तुमच्या घरी साठी-सत्तरीचं कुणी दसरा काढत असेल, तर एवढं करा: स्टूल लपवून ठेवा, माळ्यावरचं तुम्ही उतरवून द्या आणि गोधडी पिळताना दुसरं टोक धरा. काय ठेवायचं न् काय टाकायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.