पुंगळी

आमच्या कराडात सायलेन्सरच्या आतल्या नळीला पुंगळी म्हणतात. "पोरानं पुंगळी काढली" एवढं म्हटलं की पुरे. गाडी गल्लीत वळायच्या आधीच सगळ्यांना कळलेलं असायचं.

आबांची यामाहा आरएक्स १०० होती. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती. साखर कारखान्यावरची रात्रपाळी करून ते यायचे, तेव्हा लांबून येणारा आवाज ओळखून आई चहाचं आधण ठेवायची. अकरावीत मी त्या गाडीची पुंगळी काढली. दोन दिवस गावभर हिंडलो. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी हाक मारली. "काकांचा आत्ता कुठं डोळा लागला होता रे," एवढंच म्हणाल्या. काका महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. मी तसाच पुंगळी घेऊन मेस्त्रींकडे गेलो.

मेस्त्रींनी तिच्यावरची काजळी जाळली, घासली, जागेवर बसवली. गाडी चालू केली आणि म्हणाले, "लेका, कानानं नगं, हातानं बघ." नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मी तळहात धरला. गरम ठोके लागत होते, एकामागोमाग एक, सारखे. हात काढला तर तळव्यावर ऑइलचे बारीक काळे ठिपके.

त्या ठोक्यांचा अर्थ पुढं सांगलीला इंजिनिअरिंग शिकताना कळला. टू-स्ट्रोकमध्ये जळालेल्या वायूबरोबर ताजं मिश्रणही निसटू पाहतं. सायलेन्सरच्या फुगीर पोटात गेलेली दाबाची लाट निमुळत्या भागावरून उलट फिरते आणि ते मिश्रण परत आत ढकलते. सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही, इंजिनाचा श्वासही सांभाळतो.

आज मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. दारात माझदा मियाता आहे, २०१९ची, दोन लिटरची, १८१ अश्वशक्तीची. टप उघडून वुडसाइडच्या वर स्कायलाइनच्या वळणांवर नेली की इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत चढतं. पण कंपनीचा सायलेन्सर फारच सभ्य. तो बदलायचं ठरवलं आणि निवडीत दोन महिने गेले.

हेडर, कॅट-बॅक की नुसता मागचा डबा? हेडर म्हणजे इंजिनाला थेट जोडलेल्या नळ्या; त्याला इथं राज्याची मंजुरी लागते. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागची सगळी नळी नवी. वजन थोडं घटतं, ताकद जेमतेम वाढते. मागच्या डब्यानं ताकद वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, बदलतो तो आवाज. मग आवाजच नीट निवडायचा होता.

एका मित्राच्या मियाताला सरळ नळीचा मफलर आहे. डोंगरात तो ऐकून अंगावर काटा आला. परतताना फ्रीवेवर मात्र कानात घुमू लागलं. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोन ठोके देतं; मिनिटाला ३,००० फेऱ्या असतील तर सेकंदाला १००. ठोक्यांचा तो वेग गाडीच्या पोकळीशी जुळला की डोकं भणभणतं, शेजारी बसलेल्याशी बोलणं अशक्य होतं. चांगला रेझोनेटर नेमकी तेवढीच लाट उलटी लाट घालून मारतो, बाकीचा सूर राहू देतो.

कायद्याची मर्यादा ९५ डेसिबल आहे. पण मी पहाटे साडेपाचला निघतो, आणि पलीकडच्या घरात तान्हं मूल आहे. मला तिथं काकूंचं दारच दिसत होतं. मधली नळी आणि रेझोनेटर कंपनीचेच ठेवले. ३०४ स्टेनलेसचा, पोटात भरपूर लोकर असलेला मागचा डबा घेतला. हळू चालवताना तो जवळपास गप्प असतो. पाय दाबला की भरदार आवाजात बोलतो. कन्व्हर्टरला हात लावला नाही. तो काढणं बेकायदा आहेच, पण मुभा असती तरी काढला नसता. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम लावलेली ती जाळी जे विष अडवते, ते दुसऱ्याच्या श्वासात सोडायचा हक्क मला नाही.

डबा बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, थंडीत, गाडी चालू करून मागं गेलो आणि वाकून तळहात धरला. ठोके तसेच, सारखे. हात काढून पाहिला. तळव्यावर नुसते पाण्याचे थेंब होते.