आत्याच्या अकरा फ्लॉप्या

आत्या गेल्यावर तिचं कपाट आवरायला मी बसले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा फ्लॉप्या निघाल्या. सव्वापाच इंची, काळ्या, हातात वाकणाऱ्या. प्रत्येकीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात एका गावाचं नाव. मुळशी खोऱ्यातल्या बायकांकडून तिनं जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या आणि १९९२-९३ मध्ये ऑफिस सुटल्यावर तिथल्याच कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. वह्यांना पुढे वाळवी लागली. उरलं ते एवढंच.

पहिली फ्लॉपी माझ्या हातून गेली. ओळखीतून जुना ड्राइव्ह मिळाला आणि मी ती तशीच सरकवली. फाइलींची यादी दिसली. आनंदानं मी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि कॉपी करायला घेतलं, तोच खरखर सुरू झाली. बाहेर काढून पाहिलं, तर तबकडीवर एक चकचकीत गोल रेघ उमटली होती. तिथला तपकिरी थर बुरशीसकट खरवडून निघाला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उरलेल्या दहा घेऊन मी शनिवार पेठेतल्या एका काकांकडे गेले. निवृत्तीआधी ते कॉम्प्युटर दुरुस्त करत. डबा उघडला, तरी ड्राइव्हकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आधी डोळ्यांनी वाचायची," म्हणाले, "ड्राइव्ह शेवटी."

मधल्या भोकाभोवतीचं कडं त्यांनी दाखवलं. "हे असलं की बहुतेक ३६० केबीची. १.२ एमबीच्या फ्लॉपीला सहसा नसतं." एरवी दोन्ही दिसायला सारख्याच, पण एकीवर दर बाजूला ४० ट्रॅक, दुसरीवर ८०. मग भोकात बोट घालून त्यांनी तबकडी हळूच फिरवली आणि कव्हरातल्या खिडकीवर टॉर्च तिरपा धरला. पांढरे ठिपके सरकत गेले. पुण्याच्या कितीतरी पावसाळ्यांची बुरशी.

काठावरच्या खाचेवर रुपेरी चिकटपट्टी होती. सगळ्याच फ्लॉप्यांवर. ही खाच झाकली की ड्राइव्ह फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही, जुना मजकूर चुकून पुसला जात नाही. काकांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "बाई जाणत्या होत्या," एवढंच म्हणाले. घरात तिच्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

पुढचे तीन महिने दर रविवारी मी त्यांच्याकडे बसले. कव्हरची एक कड कापून तबकडी अलगद बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, वाळली की नव्या फ्लॉपीच्या स्वच्छ कव्हरात घालायची. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड पुसायचं, कारण एकीची घाण दुसरीला ओरखडते. हे मला आधी ठाऊक असतं, तर!

वाचायला त्यांनी ग्रीझवीझल नावाचं छोटं सर्किट लावलं होतं. नेहमीचा कंट्रोलर सेक्टर जुळला नाही की तो सोडून देतो. हे सर्किट मात्र चुंबकत्व कुठे कुठे पालटतं, त्याची क्षणाक्षणाची नोंद घेतं. अर्थ मागाहून सावकाश लावता येतो. अडलेला ट्रॅक काका पुन्हा पुन्हा फिरवून घेत.

फाइल उघडली, तर पडद्यावर डोक्यावर टिंबं आणि टोप्या असलेली युरोपीय अक्षरं. माझा धीर सुटला. काकांनी विचारलं, "ऑफिसात जिस्ट कार्ड होतं का?" होतं. भारतीय लिप्यांसाठीचं, सी-डॅकचं. म्हणजे मजकूर इस्कीच्या घराण्यातला: प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, हलन्तालाही आपला क्रमांक, आणि ते सगळे १२७ च्या पुढचे. आजचा कॉम्प्युटर त्या जागी युरोपीय अक्षरं दाखवतो. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली, त्यामुळे वाट होती. काकांनी वहीत तक्ता आखून दिला आणि त्यावरून मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर पहिल्यांदा मराठी उमटली ती ओवी नव्हती. गाणारीचं नाव, वय, माहेर, सासर. आत्यानं प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर आधी तेच लिहिलं होतं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "अल्कोहोलची बाटली आणून ठेव, दुसऱ्या कुणाला लागेल." मी आणली. एका बाटलीनं काय फिटणार होतं?

दहाही फ्लॉप्या वाचल्या गेल्या. माझ्या हातून खरवडली गेली तिच्यातल्या दोन फाइली मात्र काकांनाही काढता आल्या नाहीत. थरच उरला नाही, तर वाचणार काय? त्यांची ओळख राहिली ती मोबाइलवरच्या फोटोत: नाव, आकार, तारीख, वेळ. एकीपुढे संध्याकाळचे ७:५२, दुसरीपुढे रात्रीचे ८:३५. त्या वर्षी आत्या घरी यायला रोज उशीर करायची. आजी ताट झाकून ठेवायची आणि कुरकुरायची, आम्ही मुलं जेवून झोपलेलो असायचो. इतका वेळ तिथे काय करतेस, असं तिला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.