शालूची उलटी बाजू

काशीत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे घरून दोन मागण्या हटकून येतात: गंगाजल आणि शालू. पैकी गंगाजल घाटावर मिळते. शालू मात्र पारखून घ्यावा लागतो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आणि शिवणकामातून साठविलेले पैसे तिने नागपूरहून मजकडे धाडले, तेव्हा ही जोखीम मजवर आली.

नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ साली बांधविलेला मुन्शी घाट माझ्या बिऱ्हाडाजवळच आहे. तेथील पायऱ्यांवर बसलेल्या परस्थाला कोणीतरी गाठतो आणि ‘थेट कारखान्यातला माल, कारखान्याच्याच भावात’ दाखवितो म्हणतो. जवळच मदनपुरा हा विणकरांचा मोहल्ला असल्याने ते खरेही वाटते. परंतु मागाशेजारी मांडलेला प्रत्येक शालू त्या मागावरचा नसतो. कित्येक सुरतेच्या यंत्रमागावरून आलेले असतात.

पारख म्हणजे तीन निरनिराळे प्रश्न होत. सूत कोणते? सुटा धागा जाळावा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो व राख बोटांत चुरते, पॉलिएस्टरची कठीण गोळी होते. माग कोणता? शालू उलटा करावा. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र धाग्याने भरलेली असते. एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागा धावत नाही. यंत्रमागाला हे सहसा साधत नाही. मागे नुसते कातरलेले धागे दिसले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. ते दोहोंकडे असतात. गाव कोणते? हे कापड स्वतः सांगत नाही. त्यासाठी २००९ साली बनारसी वस्त्रांना मिळालेले भौगोलिक मानांकन आहे.

कचेरीत शिक्के मारण्यात माझी दहा वर्षे गेली. जावक शिक्का पत्र गेले एवढेच सांगतो, मजकूर खरा आहे असे नव्हे. सिल्क मार्कही रेशमाचीच ग्वाही देतो, हाताची नाही. म्हणून पेशाला साजेशी आणखी एक कसोटी मी लावली: ‘शुद्ध रेशीम, हातमाग, बनारस’ असे पावतीवर लिहून द्याल का? एका दुकानात तिन्ही गोष्टींच्या शपथा झाल्या, लेखणी मात्र उचलली गेली नाही. दुसऱ्या दुकानदाराने समोरचा भरजरी शालू स्वतःच बाजूला सारला. “बाबूजी, हा सुरतेचा. सुंदर आहे, स्वस्त आहे; पण बनारसी म्हणून लिहिणार नाही.” मग तेवढ्याच पैशांत बसेल असा विरळ बुट्ट्यांचा एक काढून त्याने तिन्ही शब्द लिहिले.

यंत्रमागाचे कापड खोटे नसते. त्यातही एखादी नवरी शोभून दिसते. खोटेपणा येतो तो दुसऱ्याचे नाव घेतल्याने. एका कढुआ शालूत विणकराचे आठवडे, कधी महिने जातात. यंत्राच्या मालाने त्याचे नाव घेतले की, त्या महिन्यांनाही यंत्राचाच भाव लागतो. बहिणीला शालूबरोबर मी पावतीही पाठविली. नऊवार असो वा पाचवार, असा कागद शालूच्या घडीत जपून ठेवावा, असे मला वाटते.