शेवाळाचा घास

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगे नव्हती, त्या काळातले तसे एकही सापडलेले नाही, हे मी सांगितले आणि आमचे चिरंजीव हिरमुसले. "मग बाबा, ते शूर कशाने दिसायचे?"

मास्तरकीची खोड! मी ७९३ साली लिंडिसफार्नच्या मठावर पडलेला छापा सांगितला, १००० च्या सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेली गलबते सांगितली. पण माझा आवडता व्हायकिंग मात्र राखून ठेवला.

तो म्हणजे एगिल स्कालाग्रिम्सन, दहाव्या शतकातला आइसलंडचा कवी. कवी म्हणून नाजूक समजू नका. तेराव्या शतकात लिहिलेली त्याची कथा सांगते की, खेळातल्या भांडणावरून या गृहस्थाने सातव्या वर्षी कुऱ्हाडीने खून केला! पुढे त्याचा लाडका मुलगा बोदवार होडीतून लाकडे आणताना वादळात बुडाला. एगिलने प्रेत आपल्या बापाच्या थडग्यात ठेवले आणि घरी येऊन खोलीला आतून कडी घातली. अन्न नाही, पाणी नाही. समुद्रावर तलवार कशी चालवायची?

निरोप मिळताच लेक थोरगेर्द रातोरात घोड्यावरून आली. मलाही तुमच्याबरोबर मरायचे आहे, म्हणत आत शिरली आणि काहीतरी चघळू लागली. बापाने विचारले, तर म्हणाली, समुद्रातले शेवाळ. याने मरण लवकर येते. त्यानेही खाल्ले. खारट घासाने तहान लागली, पाणी मागवले, आले दूध! फसलोच आहोत, तर भावावर कविता तरी करा, मी लाकडावर कोरते, असे तिने सुचवले. सुमारे २५ कडवी झाली, तोवर म्हातारा उठून आपल्या आसनावर येऊन बसला होता.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा आमच्या अण्णांनीही असेच दार लावून घेतले होते. मी, मराठीचा प्राध्यापक, बाहेर सांत्वनाची वाक्ये जुळवीत बसलो होतो. आक्का सासरहून आली. भावाची जुनी पत्रे घेऊन दाराशी बसली. "अण्णा, चष्मा घरी राहिला हो. एवढे वाचून दाखवा." बऱ्याच वेळाने कडी निघाली. तिसऱ्या पत्राला अण्णांचा बांध फुटला. मग त्यांनी चहा मागितला.

चष्मा आक्काच्या पिशवीतच होता.

काल झोपताना चिरंजीवांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. या खेपेस मी त्याला थोरगेर्दची गोष्ट सांगितली.